विंचपाशी कोण होतं

१६ जानेवारी, सोमवार

वीज नाही. पंप विजेवर, म्हणून पाणीही नाही. तळ्यावरचा बर्फाचा पापुद्रा फोडून दोन बादल्या आणल्या. वादळ शनिवारी आलं, काल पहाटे गेलं. तेवढ्यात आमच्या हुल्टारीद गावचं निम्मं जंगल आडवं झालं.

फोन गाडीत चार्ज करते आहे. सकाळपासून तेवीस जणांचे कॉल आले. उन्हाळ्यात दुकानात मला पाहून तोंड फिरवणारे आज 'गुनवोर, तुम्ही दोघं बरे आहात ना' म्हणून विचारतात. बरे आहोत. झाड तुमच्या छपरावर आहे, माझ्या नाही — आणखी किती बरं असायचं!

नवऱ्याला, एवाल्डला म्हटलं, झाडं कापणाऱ्यांना तीन महिन्यांचं काम आहे हे. तो बूट चढवत म्हणाला, "माणसं अडकलीत गं." जणू मी म्हटलं होतं की माणसं नाचतायत.

१७ जानेवारी

आमची वाटणी ठरलेली. किंमत मी सांगते, झाड एवाल्ड कापतो. त्याच्या हाती किंमत सोपवली असती तर आम्ही कधीच भिकेला लागलो असतो. समोरच्याचा आवाज जरा ओला झाला की हा निम्म्यावर येतो.

आज पहिलं गिऱ्हाईक दंतवैद्य ब्रूनेल. तळ्याकाठी उन्हाळ्यातलं घर, त्याच्या व्हरांड्यावर जुना स्प्रूस मुळांसकट उखडून पडलेला. हात खिशात घालून म्हणतात, "एकच तर झाड आहे, बाई. तासाभराचं काम."

"दातसुद्धा एकच असतो," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. मी अठ्ठावीस हजार क्रोनर सांगणार होते, बत्तीस सांगितले. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्या व्हरांड्याकडे. मग म्हणाले, ठीक आहे. मी फेब्रुवारीतली तारीख दिली, आधी राहती घरं. एवाल्ड गाडीपाशी उभा राहून जमीन बघत होता. त्याला लाज वाटते. वाटू दे, लाजेने डिझेल येत नाही.

लोकांना समजावत बसायचा मला कंटाळा आहे. इथे लिहिते. दर झाडाचा नसतोच. मोकळ्या शेतात पडलेलं झाड स्वस्त, कुणीही कापावं. तेच घरावर टेकलं की ते ताणून धरलेलं असतं, एका बाजूने दाबलेलं, दुसऱ्या बाजूने खेचलेलं. करवत चुकीच्या बाजूने घातली की खोड उभं फाटतं आणि छातीवर येतं. आणि मुळं उखडून जी मातीची भिंत उभी राहते तिचं वजन दोन-तीन गाईंएवढं असतं. खोड कापून वेगळं केलं की ती एक तर मागे खड्ड्यात परत बसते, नाही तर पुढे कापणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून आधी तिला मागून तारेच्या दोराने ट्रॅक्टरच्या विंचला, म्हणजे दोर ओढून धरणाऱ्या यंत्राला, बांधायचं, दोर ताणायचा, मग करवत. म्हणून माणसं दोन. एक करवतीपाशी, एक विंचपाशी. विंचपाशी जो असेल त्याने दुसरं काहीही करायचं नाही. नाकसुद्धा शिंकरायचं नाही. बत्तीस हजारांतले निम्मे त्या काहीही न करण्याचे आहेत.

विंचपाशी मी असते. अकरा वर्षं. एकदाही नजर हलली नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

लाकडाच्या चुलीवर वाटाण्याचं सूप, दर गुरुवारचं. वीज आली नाही तरी गुरुवार आला.

गावातला आल्गोत दोनदा आला. त्याच्या अंगणातला बर्च विजेच्या तारेवर टेकलाय. म्हणाला, "तारेत वीज नाहीच आहे, एवाल्ड. पाच मिनिटांचं काम. आई थंडीने गारठलीय."

एवाल्डने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, वीज कंपनीने लिहून दिल्याशिवाय तारेवरच्या झाडाला आम्ही हात लावत नाही. कुठल्या तरी शहाण्याने घरचा जनरेटर उलटा जोडलेला असतो, तारेत वीज येते आणि मरतो करवत धरणारा. आईला चर्चच्या सभागृहात ने, तिथे शेगडी आहे.

"तुझं काळीज आहे की दगड," आल्गोत म्हणाला.

"दगडाला दर विचारतात का लोक?"

माझं बरोबर होतं, आणि बरोबर असून वर त्याचं तोंड पाहायला मिळालं. दुपारी कळलं, एवाल्ड त्यांच्याकडे गाडीभर लाकूड टाकून आला. आमचं लाकूड.

२२ जानेवारी, रविवार

एवाल्ड गोठ्यामागे फोनवर बोलत होता. मी बादली घेऊन चालले होते. ऐकलं ते एवढंच — "आठ हजार. हो, सगळी. नाही नाही, बघायला कशाला यायला हवं, मला ठाऊक आहेत ती झाडं."

बघायला कशाला यायला हवं! पस्तीस वर्षांत या माणसाने मुळं पाहिल्याशिवाय आकडा तोंडातून काढलेला नाही. मुळात आकडाच काढलेला नाही.

विचारलं, कोण. म्हणाला, "मारित."

मारित म्हणजे योस्टाची विधवा. शाळेत स्वयंपाक करते. दंड खांबासारखे, बोलणं मोजून. योस्टा आणि एवाल्ड एकत्र काम करायचे, मी तेव्हा फक्त फोन घ्यायचे. अकरा वर्षांपूर्वी, आठ मार्चला, योस्टा मुळांच्या भिंतीखाली गेला. दोर ताणायच्या आधीच घाईने करवत घातली, बैलासारखी. एवाल्डने चौकशीत तेच सांगितलं, सगळ्या गावाला तेच ठाऊक आहे. तेव्हापासून विंच माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर योस्टाचं मला फार दुःख झालं नव्हतं. तो जेवताना तोंड उघडं ठेवून बोलायचा.

आठ हजार.

२४ जानेवारी

मारितकडे गेले. एवाल्ड नको म्हणत होता, म्हणून तर गेलेच.

घराच्या उत्तरेला चार स्प्रूस एकमेकांवर पडलेत, काड्या विस्कटाव्या तसे. दोघांची मुळं उभी, माझ्या उंचीच्या वर. आणि स्वयंपाकघराच्या छपरावर लिंडनचं म्हातारं झाड, त्याच्याखाली दबून वाकलेले बर्च. वाईट काम. सावकाश करण्याचं. मी मनात मांडलं, चार दिवस, दोन माणसं, ट्रॅक्टर, शेवटच्या दिवशी क्रेन. सेहेचाळीस हजार. त्याच्याखाली सांगणारा एक तर मूर्ख, नाही तर…

मारितने मला कॉफी ओतली. एवाल्डला नाही. तो उठला, चुलीशेजारच्या वरच्या कपाटाचं दार उघडून कप काढला, स्वतःची ओतून घेतली आणि दारापाशी उभ्यानेच प्यायला. न विचारता. कप कुठे असतात ते त्याला ठाऊक आहे!

बाहेर पडताना लाकडाची रास पाहिली. प्रत्येक ओंडक्याची साल वर, कडेला दोन-दोन आडवे. अशी रास या जिल्ह्यात एकच माणूस रचतो. रचायला त्याला किती शनिवार लागले असतील, त्या शनिवारी तो मासे धरायला जातो म्हणून सांगायचा. मासे कधी फारसे यायचे नाहीत. मी म्हणायचे, तुझ्या गळाला मासेसुद्धा कंटाळतात.

२५ जानेवारी

विचारलं नाही. विचारलं तर तो उत्तर देईल आणि प्रकरण संपेल. मला उत्तर नको. मला तो घाबरलेला हवा आहे.

जेवताना म्हटलं, "मारित अजून दिसायला बरी आहे, नाही?" त्याने बटाटा कापता कापता सुरी खाली ठेवली. पुन्हा उचलली.

२८ जानेवारी, शनिवार

वीज आली. पहिल्यांदा धुण्याचं यंत्र लावलं आणि दुकानात गेले. गल्ल्यावर रांग होती, मेणबत्त्या आणि पाणी घेणाऱ्यांची. रॅग्नहिल्ड सामान मोजत होती. तिच्याकडे काही ठेवलं की ते तासाभरात चर्चच्या दारापाशी पोचतं.

तिने विचारलं, काम फार असेल ना गं?

मी म्हटलं, "फार. आणि सगळेच आमचा दर भरतात असं नाही. मारित झाडं आठ हजारांत काढून घेते आहे. उरलेलं वेगळ्या रीतीने देते म्हणे."

रॅग्नहिल्डचा हात चीजवर थांबला. मी पिशवी उचलली आणि निघाले. पाठीला इतक्या नजरा लागल्या होत्या की थंडी वाजली नाही.

३० जानेवारी

शाळेत आज पॅनकेक होते. दोघी-तिघी आयांनी मुलांना मारितच्या हातचं ताट घेऊ दिलं नाही, घरून डबा दिला. आल्गोतच्या बायकोने सांगितलं, सांगताना तिचे डोळे चमकत होते. मारितने म्हणे काही विचारलं नाही, उरलेलं पीठ ओतून दिलं.

एवाल्डलाही कुणीतरी सांगितलंय. घरी आला तो आंघोळ न करता बसून राहिला. मग म्हणाला, "तिला का, गुनवोर? जे असेल ते मला म्हण."

"तुला म्हणून काय मिळतं? तू तर काही बोलतच नाहीस."

३१ जानेवारी

मारितच्या अंगणात पहिला दिवस. आकडा बदलायला तो तयार नाही. तेवढ्या एका गोष्टीत पाय रोवून उभा आहे. दोन स्प्रूस मोकळे केले, फांद्या आधी, टोकाकडून, मग खोड. हातांनी खुणा. वर हात म्हणजे थांब, मूठ म्हणजे दोर ताणलाय. दिवसभरात एक शब्द नाही. काम मात्र चोख.

मारित शाळेतून परत आली, आमच्याकडे न बघता आत गेली.

१ फेब्रुवारी, बुधवार

जे झालं ते नीट लिहिते. इथेच लिहिणार, दुसरीकडे कुठे नाही.

तिसरा स्प्रूस. मुळांची भिंत उभी, पुढे किंचित कललेली. दोर मागून बांधला, मी ताणला, मूठ दाखवली. एवाल्ड खोडापाशी गुडघा टेकून बसला, करवत निम्मी आत. मारितला आज सुट्टी, ती खिडकीत भांडी पुसत होती. एवाल्डने एकदा मान वर करून खिडकीकडे पाहिलं. एकदाच. भांडी पुसणाऱ्या बाईकडे.

मी विंचचा ब्रेक सैल केला. एक वीत. जास्त नाही.

भिंत हलली. ओली माती धपाधप त्याच्या हेल्मेटवर पडली, दगडही. त्याने करवत तिथेच टाकली आणि कडेला उडी मारली, खांद्यावर पडला. मी लगेच ताणलं. भिंत थांबली. करवत खोडात अडकून घुरघुरत राहिली.

तो उठला, जाऊन करवत बंद केली. मग माझ्याकडे आला. ब्रेक पाहिला, दोर पाहिला, गाठ पाहिली. सगळं जागेवर.

"काय झालं?"

"दोर जरा बसला."

"दोर बसला नाही."

"मग तूच सांग काय झालं."

त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले, ओठ पांढरे. म्हणाला, "तुला ठाऊक नाही तू काय केलंस ते."

म्हटलं, मला पक्कं ठाऊक आहे.

त्याने सामान भरलं. बाराही वाजले नव्हते. खिडकीत मारित तशीच उभी, हातात कापड. घरी येताना गाडीत मी विचार केला, मला मजा येईल असं वाटलं होतं, आली का? आली. थोडी.

२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी तो म्हणाला, "आज तू घरी राहा."

"विंचपाशी कोण?"

"विंच लागत नाही. लिंडनखालचे बर्च तेवढे मोकळे करतो."

लागत नाही! दबलेला बर्च म्हणजे काय ते त्यानेच मला शिकवलं. मनगटाएवढा असला तरी वाकलेला असतो, सुटला की घोड्याच्या लाथेसारखा येतो. एकट्याने अशा कामाला जायचं नाही, हा त्याचाच नियम. पस्तीस वर्षं मोडला नाही.

म्हणजे त्याला एकटं असणं माझ्या सोबतीपेक्षा कमी धोक्याचं वाटतं. ठीक आहे. जा. माझ्याशिवाय कसं होतं ते कळू दे.

आठला गेला. मी तांब्याची भांडी काढली, सगळी, सासूबाईंचं ते मोठं पातेलंसुद्धा, आणि घासत बसले. रेडिओवर अजून वीज नसलेल्या गावांची यादी वाचत होते. अकराला वाटलं जाऊन बघावं. गेले नाही. त्याने फोन करावा. करावाच. त्यानेच. वाटाणे भिजवायचेही विसरले.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मारितचा फोन अडीच वाजून गेल्यावर आला. म्हणाली, "हेलिकॉप्टर येतंय. जिवंत आहे." आणि ठेवला.

३ फेब्रुवारी

शहरातलं इस्पितळ. तो शुद्धीवर नाही.

डॉक्टर तरुण बाई आहे, केसांची वेणी. तिने सांगितलं, आणि मी तिला दोनदा सांगायला लावलं. बर्च सुटला, मांडीवर बसला, हाड मोडलं. त्या हिसक्याने लिंडनची फांदी खाली आली आणि पाय तिच्याखाली. फोन गाडीत, पंधरा पावलांवर. करवतीत इंधन जेवढं उरलं होतं त्यावरून साडेनऊ झाले असावेत. मारित शाळेतून अडीचला आली. म्हणजे पाच तास, उणे सहा अंशांत.

"सोबत कुणी असतं तर अर्ध्या तासात दोर लावून फांदी उचलली असती," ती म्हणाली. "मग आपण पायाबद्दल वेगळं बोलत असतो."

मी म्हटलं, मला ठाऊक आहे ते कसं उचलतात.

४ फेब्रुवारी

बाहेर येऊन गाडीत बसले. तांबं घासायच्या पॉलिशचा वास अजून नखांत आहे.

६ फेब्रुवारी, सोमवार

डावा पाय गुडघ्याच्या वरून काढला.

९ फेब्रुवारी

कामगार-सुरक्षेकडचा माणूस आला. जाड चष्मा, वही मांडीवर. एवाल्डच्या उशाशी बसला. मी खिडकीपाशी.

"तुमचं नाव नियम पाळणाऱ्यांत घेतलं जातं, एवाल्ड. मग एकटे का गेलात?"

एवाल्डचा आवाज कागदासारखा झालाय. म्हणाला, "बायकोला फ्लू झाला होता. गिऱ्हाइकाच्या छपरातून पाणी गळत होतं. मी घाई केली."

"आदल्या दिवशी काम लवकर बंद केलंत, असं गिऱ्हाईक म्हणतं. काही बिघाड?"

"नाही. विंच उत्तम आहे. बायको विंचपाशी असली की मला काळजी नसते."

त्या माणसाने ते लिहून घेतलं. माझ्याकडे बघून मान हलवली, कौतुकाने. मी खिडकीचा पडदा सरळ केला. सरळच होता.

तो गेल्यावर मी एवाल्डला विचारलं, हे तू मला लाजवायला म्हणालास ना? त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "नाही गं. आता मला झोपू दे."

शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

१३ फेब्रुवारी

फोन वाजत राहतो. ब्रूनेल म्हणतात, आमच्या व्हरांड्याचं काय. दोन गावांपलीकडच्या एका टोळीने त्यांना अकरा हजार सांगितलेत, हेल्मेट नाहीत, विंच नाही. मी म्हटलं, द्या त्यांना. फक्त त्यांच्या आयांचे फोन नंबर लिहून घ्या. फोन ठेवल्यावर मीच पुन्हा लावला आणि सांगितलं, देऊ नका, थांबा, मी कुणीतरी शोधते. आवाज माझाच होता पण मला ओळखू येत नव्हता.

१७ फेब्रुवारी

एवाल्ड तो नसलेला पाय खाजवतो. हात चादरीवर नेतो, थांबतो, परत घेतो. मी बघते आहे हे कळलं की खिडकीबाहेर बघतो.

रॅग्नहिल्डने फुलं पाठवली. कार्डावर दोघांची नावं लिहायची ती तिने एकट्या एवाल्डचं लिहिलं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

आज सेमलांचा मंगळवार. इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये सेमला, म्हणजे साय भरलेले सणाचे गोड पाव, ताटांत रचून ठेवले होते. मारित तिथे एक सेमला पुढे घेऊन बसली होती. एवाल्डला भेटून आली होती, कोट अंगावरच. मी सरळ तिच्या टेबलाशी जाऊन बसले. इतके दिवस तोंडात धरलेलं होतं ते बोलले.

"किती वर्षं झोपतेस माझ्या नवऱ्याबरोबर?"

आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. तिने चमच्याने वरची साय बाजूला केली.

"एकदाही नाही. त्याला माझ्या घरात खुर्चीसुद्धा नव्हती," ती म्हणाली. "कॉफी त्याची तो घेई. मी कधी ओतली नाही."

"मग आठ हजार?"

"मी म्हटलं होतं तुझा दर सांग. त्याच्याने सांगवेना. फुकट मी घेत नाही." तिने ताटली जरा पुढे सारली. "योस्टाने घाई केली असं सगळे म्हणतात. तूही म्हणतेस, दुकानात, मी मागे उभी असताना म्हणाली आहेस. योस्टाने घाई केली नव्हती. त्याने खूण केली, एवाल्डने दोर ताणून मूठ दाखवली, मग योस्टाने करवत घातली. आणि एवाल्डचा फोन वाजला. करवतीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून तो चार पावलं लांब गेला. ब्रेक पूर्ण बसला नव्हता. दोर सुटत गेला आणि बघायला तिथे कुणी नव्हतं."

मी म्हटलं, खोटं.

"योस्टाला पुरल्यानंतर आठवड्याने एवाल्ड आला. स्वयंपाकघरात उभा राहून सांगितलं, जसं मी आत्ता तुला सांगितलं तसंच. म्हणाला, पोलिसांकडे जातो. मी म्हटलं जाऊ नकोस. पोलीस तुला नेतील आणि माझी लाकडं कोण फोडणार? तू फोड. तू मरेपर्यंत फोड." तिने चमचा खाली ठेवला. "अकरा वर्षं फोडली. मी एकदाही पुरे म्हटलं नाही. तूच काय ती एकटी वाईट आहेस असं समजू नकोस."

मी विचारलं, फोन कुणाचा होता.

"ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दहा वाजून गेले होते एवढंच म्हणाला." ती उठली, कोटाची बटणं लावली. "पण त्या दिवशी तू ब्रेक सैल केलास ते मी खिडकीतून पाहिलं, गुनवोर. त्याचं तोंडही पाहिलं. चौकशीवाल्याला मी सांगणार होते. एवाल्डने हात जोडले म्हणून नाही सांगितलं."

सेमला तशीच टाकून गेली. मी ती बघत बसले. मग एका बाईने विचारलं, ही खुर्ची रिकामी आहे का.

२२ फेब्रुवारी

माळ्यावरून अकरा वर्षांपूर्वीची वही काढली. ८ मार्च. माझंच अक्षर —

'कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला विसरला. सव्वादहाला जंगलात फोन करून चांगला झापला. नंतर बोलू, नंतर बोलू, म्हणत होता. मी ठेवू दिला नाही.'